स्कायरिममधला चोविसावा खडा: मॉडची टक्कर सोडवून संग्रह पूर्ण कसा करायचा

स्कायरिम या खेळात जगभर लपवलेले बॅरेन्झायाचे खडे एकूण २४. माझ्याकडे २३ जमले होते, आणि चोविसावा ज्या खोलीत असायला हवा त्या खोलीत मी तीनदा जाऊन आले होते. कपाटं उघडली, मेजांखाली वाकून पाहिलं, मशाल घेऊन कोपरा न् कोपरा धुंडाळला. खडा नव्हता. शेवटी कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून भिंतींतून आरपार जायची सोय चालू केली तेव्हा तो दिसला: एका भिंतीच्या पोटात, आपल्या छोट्या पेटीसकट. ती भिंत मूळ खेळातली नव्हतीच. आतली सजावट बदलणाऱ्या एका मॉडनं, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जादा भरीनं, ती उभी केली होती आणि खड्याची जागा मात्र होती तशीच राहिली होती.

तेव्हापासून मॉड लावणं आणि संग्रह गोळा करणं ही दोन कामं मी वेगळी मानत नाही. लोड ऑर्डर, म्हणजे मॉड लोड होण्याचा क्रम, नीट बसलेली नसेल तर शोध अर्ध्यावर फसतो, आणि चूक आपल्या नजरेची आहे की मॉडची हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मॉडचं घर लावून घ्या, ते कुलूपबंद करा, मग शोधाला निघा.

हे सगळं संगणकावरच्या स्कायरिम स्पेशल एडिशनसाठी आहे, म्हणजे २८ ऑक्टोबर २०१६ ला आलेल्या ६४-बिट आवृत्तीसाठी. २०११ चं मूळ स्कायरिम ३२-बिट आहे. त्याचे मॉड आणि हत्यारं वेगळी, ती इथे मिसळू नका.

आधी आवृत्ती ओळखा

खेळाच्या फोल्डरमध्ये मुख्य एक्झिक्युटेबल फाइल असते. तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि तपशिलात आवृत्ती बघा. १.५.९७, १.६.६४०, १.६.११७० हे आकडे तुम्हाला मॉडच्या पानांवर सतत भेटतील. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आली तेव्हा स्पेशल एडिशन असलेल्या सगळ्यांचाच खेळ १.६ वर गेला. अ‍ॅनिव्हर्सरी म्हणजे वेगळा खेळ नाही, त्याच खेळावर विकत घेतलेला जादा मजकूर आहे. हा गोंधळ फार जणांचा होतो आणि त्यातून चुकीची फाइल उतरवली जाते.

आकडा महत्त्वाचा आहे तो स्क्रिप्ट एक्स्टेंडर या बऱ्याच मॉडना लागणाऱ्या जोडहत्यारामुळे, ज्याला सगळे एसकेएसई म्हणतात. एसकेएसईची आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. त्याच्यावर उभे असलेले डीएलएल मॉडही तसेच. अ‍ॅड्रेस लायब्ररी या मदतनीस मॉडमुळे त्यातले बरेच मॉड छोट्या अपडेटला तग धरतात, पण १.५ साठी आणि १.६ साठी तिची फाइल वेगवेगळी आहे. चुकीची घेतली तर खेळ मेन मेनूपर्यंतही पोहोचत नाही.

स्टीममध्ये या खेळासाठी ‘फक्त सुरू करताना अपडेट करा’ हा पर्याय निवडा आणि नंतर खेळ नेहमी मॉड मॅनेजरमधून, एसकेएसईच्या लोडरनेच सुरू करा. एका रात्रीत खेळ आपोआप अपडेट झाला की सकाळी अर्धे मॉड मेलेले असतात.

आणखी दोन गोष्टी आत्ताच उरका. खेळ प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये बसवा, कारण प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज फाइल लिहायला आडकाठी करतं. आणि एकही मॉड न लावता खेळ एकदा चालवून मेन मेनूपर्यंत जाऊन या, म्हणजे त्याच्या आयएनआय, म्हणजे सेटिंगच्या, फाइल तयार होतात.

मॉड मॅनेजर एकच वापरा. व्हॉर्टेक्स चांगला आहे, पण माझं मत मॉड ऑर्गनायझर २ च्या बाजूनं पडतं. तो खेळाच्या डेटा फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो आणि खेळ सुरू होताना त्यांचा एक आभासी थर रचला जातो. मॉड काढला की खरोखर निघतो, मागे कचरा राहत नाही. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे मॉडची टक्कर, शोधताना ही एक गोष्ट तासन् तास वाचवते.

टक्कर दोन पातळ्यांवर होते

बहुतेकांचा वेळ इथे वाया जातो. लोड ऑर्डर वरखाली करत बसतात आणि भांडण मात्र दुसऱ्याच ठिकाणी चाललेलं असतं.

पहिली पातळी फायलींची. दोन मॉड एकाच नावाची, एकाच मार्गावरची फाइल घेऊन आले, उदाहरणार्थ एकाच खुर्चीचं मेश (आकार) किंवा एकाच दगडाचं टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र), तर खेळाला त्यातली एकच दिसते. दुसरी पातळी रेकॉर्डची. प्लगइन म्हणजे ईएसएम, ईएसपी किंवा ईएसएल फाइल. तिच्यात टेक्स्चर नसतं, माहिती असते: ही तलवार इतकं नुकसान करते, ही वस्तू या खोलीत या जागी आहे, हा माणूस अमक्या गटातला. दोन प्लगइननी एकच रेकॉर्ड बदलला तर ज्याचा क्रम शेवटी त्याचा सगळाच्या सगळा रेकॉर्ड चालतो. दोघांतलं चांगलं चांगलं आपोआप एकत्र होत नाही. एकानं खोलीचा उजेड बदलला, दुसऱ्यानं त्याच खोलीचं संगीत, तर शेवटचा जिंकतो आणि पहिल्याची मेहनत गायब.

मॉड ऑर्गनायझरमध्ये हे दोन थर डोळ्यांसमोर आहेत. डावीकडची यादी फायलींचा क्रम ठरवते, उजवीकडची प्लगइनचा. डावीकडे मॉड हलवला म्हणून उजवीकडचा क्रम बदलत नाही.

फायलींची टक्कर सोडवायला सोपी असते. डाव्या यादीत मॉडसमोर विजेचं चिन्ह दिसतं. त्यावर हिरवी अधिक खूण असेल तर हा मॉड दुसऱ्या कुणाच्या फायली झाकतोय, लाल वजा असेल तर त्याच्या काही फायली झाकल्या जातायत. चिन्ह राखाडी पडलं असेल तर त्याचं काहीच वापरात नाही, तो नुसता जागा अडवतोय. मॉडवर डबल-क्लिक करून कॉन्फ्लिक्टचा टॅब उघडा, कोणती फाइल कुणाकडून येते ते नावानिशी दिसतं. टेक्स्चरच्या बाबतीत हा आवडीचा प्रश्न आहे: जे रूप हवं तो मॉड खाली. एक मात्र ध्यानात ठेवा. बीएसए या बंद गठ्ठ्यातल्या फाइलवर सुटी फाइल नेहमी मात करते. प्लगइन कितीही खाली ठेवलं तरी गठ्ठ्यातलं टेक्स्चर सुट्या टेक्स्चरपुढे हरतं.

प्लगइनचा क्रम

वर मूळ पाच: स्कायरिम, अपडेट, डॉनगार्ड, हार्थफायर्स, ड्रॅगनबॉर्न. त्यांच्या मागे क्रिएशन क्लबचं, म्हणजे खेळाच्या कंपनीनं दिलेलं जादा, काही असेल तर ते, आणि मग अनऑफिशियल पॅच, ज्याला यूएसएसईपी म्हणतात. तो खेळातल्या असंख्य चुका दुरुस्त करतो आणि लवकर लोड व्हायला हवा, म्हणजे नंतरचे मॉड त्याच्या दुरुस्त्यांवर उभे राहतात.

बाकीच्यांसाठी लूट नावाचं हत्यार चालवा. ते प्लगइनचा क्रम लावून देतं आणि कुठला मास्टर (ज्याच्यावर दुसरं प्लगइन विसंबून असतं तो) नाही, कुणाला कुठला पॅच लागतो, कुठलं प्लगइन साफ करायला हवं हे सांगतं. त्याचे संदेश क्रमापेक्षाही मोलाचे आहेत, ते वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका. मास्टर नसताना प्लगइन चालू ठेवलं तर खेळ सुरू होतानाच कोसळतो. पण लूट भांडण मिटवत नाही. कोण आधी बोलेल एवढंच ते ठरवतं.

पूर्ण प्लगइनची मर्यादा २५४ आहे, मूळ पाच धरून. हलक्या, म्हणजे ईएसएल खूण असलेल्या प्लगइनना वेगळी जागा मिळते आणि तिथे ४०९६ मावतात. म्हणून छोटे पॅच हलकेच बनवावेत. पण जुन्या मॉडला हलकं करण्यासाठी त्याचे फॉर्म आयडी, म्हणजे वस्तूंचे अंतर्गत क्रमांक, दाबून बसवावे लागत असतील तर ते चालू सेव्हवर कधीच करू नका. सेव्ह जुन्या आयडीनं वस्तू शोधत राहतो आणि त्या वस्तू त्याच्या लेखी नाहीशा होतात.

एसएसईएडिटमध्ये बसून भांडण मिटवणं

एसएसईएडिट प्लगइनमधले रेकॉर्ड उघडून दाखवतं. या हत्याराला लोक घाबरतात. घाबरू नका. तुम्ही जतन केल्याशिवाय ते काही बदलत नाही, आणि नुसतं बघायला शिकलात तरी अर्धी लढाई जिंकलीत.

मॉड ऑर्गनायझरमधूनच ते सुरू करा, नाहीतर त्याला तुमचे मॉड दिसणार नाहीत. सगळी प्लगइन निवडून लोड होऊ द्या. मग डाव्या बाजूला राइट-क्लिक करून फक्त कॉन्फ्लिक्ट दाखवणारा फिल्टर लावा. मोठ्या यादीला वेळ लागतो, लागू द्या. नंतर एखादं प्लगइन उघडून रेकॉर्ड निवडलात की उजवीकडे स्तंभ दिसतात: पहिला मूळ खेळाचा, मग तो रेकॉर्ड बदलणाऱ्या एकेका मॉडचा, लोड ऑर्डरच्याच क्रमानं. सगळ्यात उजवीकडचा स्तंभ म्हणजे खेळात तुम्हाला जे दिसणार ते.

लाल पार्श्वभूमी दिसली म्हणून लगेच हात घालू नका. स्वतःला विचारा: डावीकडच्या मॉडनं केलेला बदल मला हवा होता का, आणि तो उजवीकडच्यात हरवलाय का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच काम आहे. काही मॉड मुद्दाम दुसऱ्याला झाकण्यासाठीच असतात.

काम असेल तर रेकॉर्डवर राइट-क्लिक करा, तो ओव्हरराइड (मूळ रेकॉर्ड झाकणारी प्रत) म्हणून नव्या प्लगइनमध्ये उतरवा, त्या प्लगइनला ईएसएल खूण द्या आणि ‘माझा पॅच’ असं काहीतरी नाव ठेवा. आता तुमचा स्तंभ शेवटी आला. हव्या त्या ओळी डावीकडून ओढून तुमच्या स्तंभात टाका. संगीत एकाचं, उजेड दुसऱ्याचा. जतन करा. मूळ मॉडच्या फाइलमध्ये थेट बदल करू नका; मॉड अपडेट केलात की ते बदल पुसले जातील, आणि नेमकं काय बदललं होतं हेही आठवणार नाही.

लेव्हल्ड लिस्ट, म्हणजे पेट्यांत आणि शत्रूंकडे काय मिळेल त्या याद्या, हातानं जोडत बसणं कंटाळवाणं आहे. ते राय बॅश या हत्याराच्या बॅश्ड पॅचवर, म्हणजे याद्या एकत्र करणाऱ्या प्लगइनवर, सोपवा. हत्यारं वाढवणारे तीन मॉड लावूनही एकाचीच हत्यारं मिळत असतील तर कारण हेच असतं.

नेहमी दिसणारे तीन आजार सांगून ठेवते, कारण लक्षणावरून निदान पटकन होतं. एखाद्या पात्राचं तोंड काळंनिळं आणि अंग वेगळ्याच रंगाचं दिसलं तर त्याच्या चेहऱ्याची फाइल एका मॉडची आणि रेकॉर्ड दुसऱ्या मॉडचा आहे. डावीकडे आणि उजवीकडे तोच मॉड जिंकेल असं बघा, चेहरा सुधारतो. पात्रं हात आडवे पसरून पुतळ्यासारखी उभी राहत असतील तर अ‍ॅनिमेशनचं हत्यार, नेमेसिस किंवा जे वापरत असाल ते, पुन्हा चालवायचं राहिलंय. आणि ठराविक जागी पाऊल टाकलं की खेळ कोसळत असेल तर नॅव्हमेश बघा. नॅव्हमेश म्हणजे पात्रांना चालायच्या वाटा सांगणारी जाळी. एखाद्या मॉडनं ती उडवली असेल आणि दुसऱ्या कुणी तिच्यावर विसंबून असेल तर खेळ तग धरत नाही.

क्रॅशचं मूळ सापडत नसेल तर

क्रॅश लॉगर लावून ठेवा. त्याच्या अहवालात बहुतेकदा एखाद्या मेशचं किंवा प्लगइनचं नाव सापडतं, आणि तिथून सुरुवात करता येते. काहीच हाती लागलं नाही तर निम्मे करत जा. मॉड ऑर्गनायझरमध्ये प्रोफाइलची नक्कल करा, तिच्यात निम्मे मॉड बंद करा, आणि क्रॅश होतो का बघा. होत असेल तर गुन्हेगार चालू असलेल्यांत, नसेल तर बंद केलेल्यांत. पुन्हा त्या गटाचे निम्मे. १२८ मॉड असतील तरी सात फेऱ्यांत एकावर येता. मास्टर आणि त्याच्यावरचे मॉड मात्र एकत्रच चालूबंद करा, नाहीतर तुम्हीच नवा क्रॅश तयार कराल. प्रत्येक फेरी नव्या खेळानं तपासा. मेन मेनूवरच कन्सोल उघडून ‘सीओसी’ आणि पुढे ‘रिव्हरवुड’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की थेट त्या गावात उभे राहता, कथेची सुरुवात बघत बसावी लागत नाही.

तुमचा खरा सेव्ह या चाचण्यांत वापरू नका. स्क्रिप्ट असलेला मॉड चालू सेव्हमधून काढला तर त्याच्या स्क्रिप्ट सेव्हच्या आत अनाथ होऊन राहतात. रीसेव्हर नावाच्या हत्यारानं त्यातल्या काही साफ करता येतात, पण मी त्याकडे शेवटचा उपाय म्हणूनच बघते. टेक्स्चर, मेश, आवाज बदलणारे मॉड मधेच लावा-काढा, काही बिघडत नाही. क्वेस्ट (मोहिमा), खोल्या आणि स्क्रिप्ट यांना हात लावणारे मॉड एकदा खेळ सुरू झाल्यावर तसेच राहू द्या.

शोधाला निघण्याआधीची फेरी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि पुढे मी केला तसा शोध करत बसतात. मॉड स्थिर झाले असं वाटलं की एक फेकून द्यायचा सेव्ह बनवा आणि ज्या जागी तुम्हाला संग्रहाच्या वस्तू लागणार आहेत तिथे फक्त बघायला जा. सगळीकडे जायची गरज नाही. तुमच्या मॉडनी ज्या शहरांचं आणि खोल्यांचं रूप पालटलंय तेवढ्याच. व्हाइटरन बदलणारा मॉड असेल तर ड्रॅगन्सरीच, योरव्हास्कर आणि तिथलं हॉल ऑफ द डेड या तीन जागा बघा, कारण तिघांतही एकेक खडा आहे.

त्याच वेळी ठरवा की खुणा दाखवणारा मॉड हवा का. मूळ खेळात खड्यांना नकाशावर कसलीच खूण नाही. ती देणारे मॉड मिळतात. मला ते वापरण्यात काही कमीपणा वाटत नाही, चोवीस बंद खोल्या चाचपत फिरणं प्रत्येकाला आवडेलच असं नाही. पण असा मॉड क्वेस्टच्या रेकॉर्डला हात लावतो, म्हणून एसएसईएडिटमध्ये त्याचा आणि यूएसएसईपीचा स्तंभ शेजारी ठेवून तपासा. आणि पहिला खडा उचलण्याआधीच तो लावा. क्वेस्ट सुरू होताना कोणती वस्तू कुठे हे एकदाच भरलं जातं, नंतर लावलेल्या खुणा बहुधा दिसतच नाहीत.

हे झालं की प्रोफाइल कुलूपबंद. एकही नवा मॉड नाही, कितीही मोह झाला तरी.

खडे

पहिला खडा उचलता तेव्हा त्याचं नाव बॅरेन्झायाचं नसतं, तो नुसता ‘विचित्र रत्न’ म्हणून दाखवला जातो. उघड्या पेटीतलं गुलाबीसर रत्न एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही ओळखू येतं. त्याची पारख रिफ्टनच्या रॅग्ड फ्लॅगनमध्ये बसणारी व्हेक्स करते, आणि त्यासाठी चोरांच्या गिल्डमध्ये शिरावं लागतं. तिथे लवकर जा. खडे टाकता येत नाहीत, ते शेवटपर्यंत ओझं म्हणून बरोबर राहतात.

मी जागांचे दोन गट करते. पहिला गट शहरांतला: ड्रॅगन्सरीचमध्ये यार्लच्या, म्हणजे तिथल्या सरदाराच्या, खासगी खोल्या, योरव्हास्करमध्ये खाली कॉडलॅकची खोली, रिफ्टनच्या मिस्टव्हेल कीपमध्ये यार्लची खोली, मार्कार्थचं ट्रेझरी हाउस, विंडहेल्ममध्ये शॅटर-शील्ड घराणं, विंटरहोल्ड कॉलेजात आर्चमेजचं निवासस्थान, सॉलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर. हे शेवटचं घर विकत घ्यायचं तर २५,००० सोन्याची नाणी मोजावी लागतात, म्हणून खर्चाचा विचार आधीच करा. शहरांत अडचण वाट सापडण्याची नसते, परक्याच्या खोलीत शिरण्याची असते. रात्री उशिरा, लोक झोपलेले असताना, दबक्या पावलांनी जा आणि दाराशीच एक सेव्ह करून ठेवा. शहरं बदलणारे मॉड सगळ्यात जास्त याच खोल्यांना हात लावतात, म्हणून हा गट आधी संपवा.

दुसरा गट गुहांचा आणि भग्न किल्ल्यांचा: हॉब्स फॉल केव्ह, स्टोनी क्रीक केव्ह, सन्डरस्टोन गॉर्ज, पाइनवॉच, फेलग्लो कीप, रॅनव्हेग्ज फास्ट, इंगव्हिल्ड, अ‍ॅन्सिल्वुंड, डेड क्रोन रॉक, आणि डेंटी स्लोड या जहाजावर कॅप्टनची केबिन. यांतल्या बऱ्याच जागी तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी जाणारच असता. मी एक साधी वही ठेवते: जागेचं नाव, खडा उचलला की टिंब, आणि तिथे काही वेगळं दिसलं तर एक शब्द. थॅल्मोर एम्बसीच्या मोहिमेत बाहेर पडताना लागणाऱ्या गुहेतही एक खडा आहे. पळताना घाई असते, तरी तो तिथेच उचला, परत येण्याचा हिशेब मागे ठेवू नका.

मुखवटे, आणि परत न येणारी संधी

ड्रॅगन प्रीस्टचे आठ मुखवटे गोळा करायला मला खड्यांपेक्षा जास्त आवडतं, कारण प्रत्येकामागे एक लढाई आहे. शिअरपॉइंटला क्रोसिस, व्होल्स्किगेला व्होल्सुंग, फोरेलहोस्टला राहगोट, हाय गेटच्या अवशेषांत व्होकुन, रॅग्नव्हाल्डला ओटार, व्हॅल्थ्यूमला हेव्हनोराक, लॅबिरिंथियनमध्ये मोरोकेई. आठवा नाहक्रीन, आणि तो स्कुल्डाफ्नला असतो.

स्कुल्डाफ्नला मुख्य कथेत एकदाच जाता येतं. पुढे गेलात की परत येता येत नाही. त्यामुळे नाहक्रीन पडला की कथेच्या घाईत पोर्टलकडे धावू नका, आधी त्याच्याकडचा मुखवटा घ्या आणि वेगळा सेव्ह करा. शत्रूंची राख किंवा मृतदेह लवकर साफ करणारे मॉड लावले असतील तर तिथे विशेष सावध राहा.

आठ जमले की लॅबिरिंथियनमधल्या ब्रोम्युनार सँक्चुअरीत जा. तिथला लाकडी मुखवटा घातला की त्या जागेचं जुनं रूप दिसतं, आठही मुखवटे आपापल्या जागी बसवले की कोनाहरिक मिळतो. ड्रॅगनबॉर्नमधले मुखवटे या आठांत मोजले जात नाहीत.

किरमिजी निर्नरूटची गोष्ट निराळी. ब्लॅकरीचमध्ये सिंडेरियनच्या प्रयोगशाळेपासून ही मोहीम सुरू होते आणि ३० मुळं हवी असतात. हे झाड गुणगुणतं. म्हणून सेटिंगमध्ये संगीत पूर्ण बंद करा, हेडफोन घाला आणि आवाजाच्या दिशेनं चाला. अंधार गडद करणारे प्रकाशाचे मॉड इथे त्रास देत नाहीत, पण आवाज बदलणारे देतात. कौशल्याची पुस्तकं १८ कौशल्यांची प्रत्येकी पाच, म्हणजे ९० आहेत. मुखपृष्ठ बदलणाऱ्या मॉडनं त्यांचं काही बिघडत नाही.

वस्तू जागेवर नसेल तर

जागा बरोबर आहे याची खात्री करा आणि मग या क्रमानं जा.

कन्सोल उघडून ‘टीसीएल’ ही आज्ञा द्या. आता भिंती आणि जमीन तुम्हाला अडवत नाहीत. ज्या जागी वस्तू हवी तिच्या आजूबाजूला, भिंतीच्या आत, फरशीच्या खाली बघा. माझा खडा असाच सापडला. दिसला तर बाहेर येऊन तीच आज्ञा पुन्हा द्या, नाहीतर तुम्ही खालच्या पोकळीत तरंगत राहाल.

नाही दिसला तर कन्सोल उघडा ठेवून त्या जागेजवळच्या शंकास्पद फर्निचरवर क्लिक करा. वर फॉर्म आयडी येतो. त्याचे पहिले दोन अंक म्हणजे ती वस्तू मुळात कोणत्या प्लगइननं आणली त्याचा क्रमांक, आणि एफई असेल तर ते हलकं प्लगइन. मूळ खेळाच्या वस्तूला शून्य-शून्य असतं. परकं सामान कुणाचं आहे हे असं अर्ध्या मिनिटात कळतं.

आता एसएसईएडिट उघडा, ती खोली शोधा आणि तिच्यातल्या ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत आपली वस्तू बघा. मॉडच्या स्तंभात ‘सुरुवातीला बंद’ अशा अर्थाची खूण असेल, किंवा उंचीच्या रकान्यात उणे ३०००० लिहिलेलं असेल, तर मॉडच्या कर्त्यानं ती वस्तू मुद्दाम खाली पुरलीय. प्लगइन साफ करताना उडवलेल्या वस्तू अशाच ठेवतात. ती वस्तू फक्त सरकवलेली असेल तर नवी जागा आकड्यांत समोरच आहे.

पुढचा उपाय तुमच्या पॅचमध्ये: मूळ खेळाचा तो रेकॉर्ड ओव्हरराइड करून शेवटी आणा. पण तुम्ही त्या खोलीत आधी जाऊन आला असाल तर वस्तूची जुनी अवस्था सेव्हमध्ये अडकलेली असू शकते. खोली पुन्हा भरायला खेळातले १० दिवस लागतात, आणि ती साफ केलेली म्हणून नोंदली असेल तर ३०. तेवढे दिवस दुसरीकडे घालवून बघा.

तरीही नाही, तर एसएसईएडिटमध्ये दिसलेला त्या ठेवलेल्या वस्तूचाच फॉर्म आयडी घ्या. कन्सोलमध्ये ‘पीआरआयडी’ आणि पुढे तो आयडी, मग ‘एनेबल’, मग ‘मूव्हटू प्लेअर’. वस्तू तुमच्या पायाशी येते. ‘अ‍ॅडआयटम’नं नवा खडा बनवण्याचा मोह टाळा. क्वेस्टची मोजणी जगात ठेवलेल्या त्या मूळ खड्याशी बांधलेली असू शकते आणि मग खडे चोवीस होऊनही आकडा तेविसावरच अडकतो. मुखवट्याच्या बाबतीत अशी अडचण येत नाही, नाहक्रीनचा मुखवटा खरंच हातचा गेला असेल तर तो कन्सोलमधून मागवा.

चोविसावा खडा हाती आला की व्हेक्सकडे जा. ती मुकुटासाठी पाठवते, तो रिफ्ट भागातल्या टोलव्हाल्ड्स केव्हमध्ये आहे. गुहा बदलणारा मॉड लावला असेल तर आत शिरण्याआधी सेव्ह करून एकदा ‘टीसीएल’नं मुकुटाची जागा बघून या, आणि मगच तो सेव्ह पुन्हा उघडून खऱ्या वाटेनं आत चाला.